पाठीचे स्वातंत्र्य

मारण्याच्या बाबतीत मराठी माणसाला शब्दांची टंचाई कधी भासली नाही. बडवणे, बदडणे, धोपटणे, झोडपणे, चोप देणे – मार तोच, पण शब्द बदलला की वळ बदलतो! तेव्हा युरोपातल्या सुसंस्कृत मंडळींची या बाबतीत काय सोय आहे, हे पाहायला मी शब्दकोश चाळले. सोय उत्तम आहे.

स्पॅनिश माणूस काठीला ‘पालो’ म्हणतो आणि तिने दिलेल्या चोपाला ‘पालीथा’. शिवाय वस्तूच्या नावाला ‘आथो’ जोडला की त्या वस्तूचा तडाखा तयार! ‘थापातो’ म्हणजे बूट, ‘थापाताथो’ म्हणजे बुटाचा प्रसाद. हा प्रत्यय मराठीत असता तर ‘लाटणाथो’ हा शब्द कित्येक घरांत रोज लागला असता. जर्मनांनी तेवढाही फरक ठेवलेला नाही. ‘प्र्युगेल’ म्हणजे सोटा आणि प्र्युगेल म्हणजेच मार. अद्वैत म्हणतात ते हेच! इंग्रजांचा ‘थ्रॅश’ मात्र खळ्यावरून आला. मूळ अर्थ धान्य मळणे. आपणही भात झोडतो आणि पोरगंही झोडतो. शेतकरी इथूनतिथून सारखाच.

पण काठी कोणाच्या पाठीवर, हे कोशात नसते. त्यासाठी इतिहास उघडावा लागतो. बरोबरीच्या माणसाशी तलवारीने लढायचे आणि खालच्याला नोकरांकरवी काठीने बडवायचे, हा तिकडचा खानदानी रिवाज. १७२६ साली पॅरिसमध्ये रोआं नावाच्या सरदाराने व्हॉल्तेरला असाच चोप दिला. व्हॉल्तेर तेव्हा एका ड्यूककडे पाहुणा होता. पण तो यजमानही मदतीला उठला नाही. कवी जेवायला चालतो हो, पण त्याची पाठ आपली थोडीच? व्हॉल्तेर द्वंद्वाची तयारी करू लागला, तर बॅस्तीयच्या तुरुंगात गेला तोच! सुटला, तो थेट इंग्लंडला.

पुढे १८०८ साली ग्नायझेनाऊ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने शिपायांना होणाऱ्या फटक्यांविरुद्ध लेख लिहिला. नाव काय, तर ‘पाठीचे स्वातंत्र्य’! विचारांचे, वाणीचे स्वातंत्र्य सगळेच मागतात. पाठीचे मागायला पाठ शेकलेली पाहावी लागते. त्याच वर्षी तिथल्या साध्या शिपायाची त्या सरसकट मारातून सुटका झाली.

इंग्लंडच्या सरकारी शाळांतली छडी मात्र १९८७पर्यंत टिकली. अर्थात तिथे प्रश्न बहुधा पाठीचा नव्हता. त्याच्या जरा खालचा होता.