अनोळखी शिवार आणि आपले पूर्वज

आपल्या फासेपारधी समाजाचा इतिहास ग्रंथांतून थोडा व पोलिसांच्या दप्तरांतून फार लिहिला गेला. म्हणून जे मी वडीलधाऱ्यांपासून ऐकले व बालपणी डोळ्यांनी पाहिले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

धाराशिव जिल्ह्याचा पुष्कळसा भाग बालाघाटच्या पठारावर वसला आहे. पश्चिमेस परांडा-भूमकडे सीना नदीच्या बाजूस पाऊस कमी व माळराने मोठी. काळवीट व चिंकारा हे या माळांचे रहिवासी. आपण दोघांनाही हरिण म्हणतो. परंतु सांबर-चितळांची शिंगे दरवर्षी गळतात, तशी यांची गळत नाहीत. काळवीट दाट झाडीत रमत नाही. मोकळ्या माळावर राहून तो नजरेच्या व वेगाच्या बळावर जीव वाचवितो. अशा जनावराला फाशांत धरणे हे आपल्या पूर्वजांचे उपजीविकेचे साधन होते.

१९७१ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, आजोबांनी मला प्रथम बरोबर नेले. परांड्याकडील ते शिवार आम्हांस नवे होते. पहिल्या दिवशी त्यांनी फासे पालातच ठेविले. मी कारण विचारताच ते म्हणाले, “अरे, घर कुणाचे ते कळल्यावाचून दार वाजवू नये.”

प्रथम त्यांनी मेंढ्या चारणाऱ्या धनगराची गाठ घेतली. कळप कोठे चरतो, पाणी कोठे उरले आहे, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? नंतर आम्ही ओढ्याच्या काठी माग पाहिले. ताज्या खुराची कड धारदार असते. वारा व ऊन लागले की ती ढासळते. पुढे एके ठिकाणी लेंड्यांचा ढीग दिसला. नर काळवीट आपल्या हद्दीत त्याच त्या जागी लेंड्या टाकतो, म्हणून ढीग सापडला की धन्याची हद्द सापडली, असे आजोबा सांगत. शेवटी वाऱ्याची दिशा पाहून, टेकाडाआड बसून, कळप कोणत्या वाटेने येतो-जातो हे त्यांनी दोन दिवस पाहिले. मगच खुंट्या ठोकून फासे मांडावयाचे.

गाभण मादी व पाडस फाशात आले तर सोडून देण्याची आपली रीत होती. मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा व पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासातही तिची नोंद आहे. फासेपारधी, वैदू व नंदीवाले यांच्या शिकारीच्या पद्धती व सावजे निरनिराळी असल्याचेही त्यांनी दाखविले आहे. ही रीत अडाण्यांची म्हणावी काय?

परंतु एक गोष्ट आजोबांनी सर्वांआधी केली होती. शिवारात पाऊल टाकण्यापूर्वी ते गावच्या पाटलांकडे जाऊन हात जोडून उभे राहिले व आपण किती माणसे, किती दिवस राहणार, हे सांगून आले. इंग्रज सरकारने १८७१ साली काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला व पुढे त्याची व्याप्ती वाढविली. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. तथापि माणसांच्या नजरा रद्द झाल्या नाहीत. जनावराच्या मागाआधी गावाच्या संशयाचा माग काढणे आपल्या लोकांस भाग होते. त्या वेळी आजोबांची खाली गेलेली मान मी अद्याप विसरलो नाही. शाळेत कुणाची पाटी हरवली की सर्वांचे डोळे माझ्याकडे वळत, तेव्हा ती मान मला आठवे.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळविटाची शिकार आज गंभीर गुन्हा आहे व तो कायदा आपण मनोभावे पाळला पाहिजे. माळ नांगरले गेले, कळप विरळ झाले. जे उरले ते राखलेच पाहिजेत. मात्र उपजीविका गेली तेव्हा तिच्या जागी जमीन वा धंदा आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती आला, हेही इतिहासाने नमूद करावे.

फासे गेले, तरी माग ओळखणारी दृष्टी जाऊ देऊ नये. वन्यप्राण्यांची गणना व राखण यांस हीच दृष्टी लागते. आपल्या तरुणांनी शिक्षण घेऊन त्या कामात मानाने शिरावे. घरोघरी जे वृद्ध आहेत त्यांच्याजवळ बसून खुरांची, गवतांची, वाऱ्यांची आपल्या बोलीतील नावे वहीत उतरवून घ्यावीत. मी आजोबांकडून ती लिहून घेतली नाहीत. मास्तर असूनही माझ्याकडून ही चूक झाली. ती आपण करू नये, इतकीच विनंती.