ग्रँट आली का?

पनवेलला मीटिंगसाठी जमलो की आम्हा सेविकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ग्रँट आली का? मुलांची वजनं, लसीकरण, रजिस्टरं सगळं त्यानंतर. 2023 साली मी अंगणवाडीतून निवृत्त झाले. आता खांदेश्वरला मुलाकडे असते, पण हिशेब काही डोक्यातून जात नाही.

हिशेब जुना आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांत मेळघाटातलं धारणी होतं आणि मुंबईतली धारावी. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना 150 रुपये, मदतनीसाला 35. वाटणी अशी की मानधन दिल्लीने द्यायचं आणि मुलाच्या ताटातलं राज्याने. ज्याची तिजोरी कायम रडते, त्याच्याच गळ्यात ताट! 1991 साली मुलामागे रोजचे 95 पैसे ठरले, ते 2004 पर्यंत तसेच राहिले. तेवढ्यात अंगणवाडीतलं पोर दहावीला बसलं.

पुढे दर हलले ते कोर्टाच्या धाकाने. अन्न अधिकाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2001 साली प्रत्येक वस्तीत अंगणवाडी पोचवा म्हटलं, 2004 साली आहारातून ठेकेदार हटवायला लावले. मग केंद्राने ताटाचा निम्मा भार उचलला. दर 2 रुपये झाला, 2008 ला 4, 2012 ला 6, 2017 ला 8. मी निवृत्त झाले तेव्हाही 8च.

त्यात काय बसतं ते आहार शिजवणाऱ्या आमच्या बचत गटाच्या बाईला विचारावं. आदल्या दुपारी मटकी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची, सकाळी उसळ. तेलाची पळी तिने कधी भरून घेतली नाही. गॅस, मीठ-मसाला, तिची मजुरी सगळं त्याच पैशांत. 2015 ला तूरडाळ किलोला 200 च्या घरात गेली, तेव्हा दर होता 6 रुपये. खिचडी मुगावर आली, मग मसुरीवर. त्यात बिलं महिनोन् महिने अडकायची. तोवर वाण्याची वही. एवढी मोठी सरकारी योजना खरं तर वाण्याच्या उधारीवर चालली, आणि ती उधारी कुठल्याच बजेटात दिसत नाही.

त्याच 2015 साली करांतला राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्के झाला. छान. पण लगेच केंद्राने योजनेची तरतूद निम्म्याखाली आणली. नंतर पुरवणी मागण्यांतून वाढवली म्हणा, पण मधले महिने पोरांनी काय खायचं?

शहरात आणखी एक दुखणं, खोलीचं. ज्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांना परत द्यायच्या साडेबारा टक्के जमिनीतले 3.75 सामाजिक सुविधांसाठी कापून 8.75 टक्के हातात मिळतात. एवढं होऊन आम्ही मात्र अंगणवाडीला भाड्याची खोली शोधत फिरायचो. केंद्राच्या नियमात शहरी भागाला भाडं जास्तीत जास्त 4,000, महानगराला 6,000. खांदेश्वर शहर की महानगर, घाला वाद! दोन्हींत इथे जिन्याखालची जागासुद्धा मिळत नाही.

आम्हाला पगार नाही, कारण आम्ही मानसेवी. पण मार्च 2018 मध्ये सरकारने आम्हाला मेस्मा लावला, म्हणजे संप करायचा नाही, कारण आम्ही अत्यावश्यक! ओरड झाल्यावर काही दिवसांत स्थगिती दिली. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला 2022 साली पुन्हा सुप्रीम कोर्टच लागलं.

डिसेंबर 2023 मध्ये 52 दिवसांचा संप सुरू झाला. मी निवृत्त, तरी खांदेश्वरहून लोकलने आझाद मैदानात गेले. मागण्यांत आहाराचा दर वाढवा हीही होती. पुढे 2024 ला सेविकेचं मानधन 13,000 आणि मदतनीसाचं 7,500 झालं. बातमी ऐकून बचत गटाच्या बाईचा फोन आला. ती सेविकाही नाही, मदतनीसही नाही. तिला त्यात काहीच नव्हतं.