मत कोणाचे? पक्षाचे की उमेदवाराचे?

१/ पक्ष बदललेला लोकप्रतिनिधी पुन्हा निवडून येतो का? महाराष्ट्रातील तीन लढतींतून या प्रश्नाचा मागोवा घेणारा हा थ्रेड.

२/ १९६७च्या निवडणुकांनंतर देशात पक्षांतरांची लाट आली. हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोंदवले की, राज्यांतील २१० पक्षांतरितांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळाले. बक्षीस तत्काळ मिळे. मतदाराचा कौल मात्र सावकाश येई.

३/ छगन भुजबळ १९८५ व १९९० साली माझगावातून शिवसेनेचे आमदार झाले. डिसेंबर १९९१मध्ये ते काँग्रेसकडे गेले आणि मंत्रीही झाले. १९९५ साली त्याच माझगावात शिवसेनेच्या बाळा नांदगावकरांनी त्यांना पराभूत केले. तेथील मत शाखाशाखांतून बांधले गेले होते. नेता गेला, मत जागीच राहिले.

४/ २००५ साली शिवसेनेतून बाहेर पडलेल्या नारायण राणे यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसतर्फे मोठ्या मताधिक्याने जिंकली. तेथे मत नेत्यामागे गेले. तथापि २०१४ साली कुडाळमध्ये शिवसेनेच्या वैभव नाईकांनी त्यांचा पराभव केला. वैयक्तिक मतालाही ओहोटी असते.

५/ उदयनराजे भोसले मे २०१९मध्ये राष्ट्रवादीतर्फे साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी त्यांचा सुमारे ८७ हजार मतांनी पराभव केला. राजघराण्याचे वलय होते, सत्तेची साथ होती. तरीही पाच महिन्यांत कौल फिरला.

६/ २०२४ साली मात्र उदयनराजे भाजपतर्फे साताऱ्यातूनच विजयी झाले. मतदाराने पक्षांतर माफ केले, असे म्हणण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दरम्यान, २०२३ साली, राष्ट्रवादीच दुभंगली होती. २०१९ साली त्यांना रोखणारी संघटना आता अखंड नव्हती.

७/ १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने एकतृतीयांश आमदारांच्या फुटीला मोकळीक दिली होती. २००३च्या घटनादुरुस्तीने ती काढून घेतली. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मात्र खुलीच राहिली.

८/ सोडलेला पक्ष भक्कम उभा असेल, तर मतदाराला जाब विचारण्यासाठी पर्याय असतो. तो पक्षच मोडला, तर रागावलेल्या मतदाराने बोट कोणत्या बटणावर ठेवायचे? पक्षांतराचा खरा हिशेब या प्रश्नापाशी येऊन थांबतो.