रानभाज्या, दुष्काळ आणि वनकायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सह्याद्रीच्या पट्ट्यातील आदिवासी व शेतकरी समाजाच्या आहारात रानभाज्यांना पूर्वापार स्थान आहे. आषाढात कणगीतील धान्य संपत आलेले असते व नवे पीक हाती यावयाचे असते. नेमक्या याच काळात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी यांची कोवळी पाने मिळतात व आहारातील लोह, चुना आणि जीवनसत्त्वांची उणीव काही अंशी भरून निघते. शेवळे घशाला खाजतात, म्हणून ती आंबट काकडांसह शिजवितात. हे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांनी जतन केले.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधील असंख्य लोकांनी रानातील वनस्पतींवर गुजराण केली. मात्र १८७८ च्याच वनकायद्यान्वये राखीव जंगलातून परवानगीविना वनोपज नेणे गुन्हा ठरला. पुढे १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या वनस्पतिविषयक खंडात दुष्काळी वनस्पतींची नोंद झाली. म्हणजे शासनाला या अन्नाचे महत्त्व ज्ञात होते. ते गोळा करणाऱ्यांचा हक्क मात्र मान्य नव्हता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील पारंपरिक हक्कास मान्यता दिली. तात्पर्य, रानभाजीचा इतिहास हा केवळ आहाराचा नसून जंगलावरील अधिकाराचाही इतिहास आहे.