फाँड्यू आणि खामगावचा कापूस

फाँड्यू या पदार्थाचं वर्णन आमच्या बुलढाण्यात करायचं झालं तर ‘चीजचं पिठलं’ याहून नेमका शब्द सापडत नाही. पातेलं लसणाने घासायचं, त्यात पांढरी वाइन तापवायची, किसलेलं चीज हळूहळू विरघळवायचं, थोडं कॉर्नफ्लोअर लावायचं. मग ते पातेलं मंद आचेवर टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुचकळायचा. तळाला जी खरवड उरते तिला तिकडे ‘संन्यासिनी’ म्हणतात. आमच्याकडे पिठल्याच्या खरवडीवरून भावंडांत जी मारामारी होते, तिच्यात संन्यस्त वृत्ती औषधालाही दिसत नाही.

डिसेंबरात घाटावरची थंडी कानात शिरू लागली की आमच्या घरी हा प्रयोग होतो. पहिल्या वेळी आईने एकच प्रश्न विचारला, “काहून रे बापू, तोंडातला काटा पुन्हा गंजात?” उष्ट्या-खरकट्याचा हा मुद्दा तिने जागेवरच निकालात काढला. तुकडा बुडवायचा, आपल्या ताटात उतरवायचा, आणि मग हाताने खायचा. पुढे वाचनात आलं की काटा तोंडात न घालणं हाच खुद्द स्विस शिष्टाचार आहे! तेव्हापासून आई त्या देशाबद्दल बऱ्यापैकी आदराने बोलते.

वाइन मात्र आमच्या पातेल्यात नसते. त्या जागी दूध. वाइनमधलं आम्ल चीजच्या गुठळ्या होऊ देत नाही. पण बाजारातल्या प्रोसेस्ड चीजमध्ये ते काम करणारे क्षार आधीच घातलेले असतात. ही युक्तीही मूळची स्विसच. १९११ साली थून गावातल्या गेर्बर कंपनीने, उष्ण देशांत माल टिकावा म्हणून ती शोधून काढली. म्हणजे वाण्याकडून आणलेली वडी हा एक प्रकारे थिजलेला फाँड्यूच म्हणायचा.

पण आमच्या जिल्ह्याचा आणि स्वित्झर्लंडचा संबंध चीजच्या वडीहून जुना आहे. १८५१ साली फोलकार्ट नावाच्या दोन भावांनी विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच पेढी काढली. पुढे त्यांच्या कंपनीची कापूस-खरेदी थेट घाटाखालच्या खामगावात होऊ लागली. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावला आगगाडीचा फाटा सुरू झाला, तोही कापसासाठीच. याच फोलकार्ट आणि टाटांच्या नावांची संधी होऊन १९५४ साली ‘व्होल्टास’ झाली. आज मे महिन्यात घाटाखाली ज्या नावाची गार हवा लोक खातात, त्या नावात अर्धा स्विस बसलेला आहे, हे कुणाला ठाऊक असतं?

खामगावच्या थंडीत एखादा स्विस साहेब कापसाच्या गाठी मोजून झाल्यावर फाँड्यू ढवळत बसला असेल, असं चित्र रंगवायचा मोह मलाही झाला. पण तेव्हा हा पदार्थ मुख्यतः त्यांच्या पश्चिमेकडच्या, फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातला होता. तो राष्ट्रीय झाला एका हिशेबामुळे, आणि इथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. १९१४ साली स्वित्झर्लंडात चीज युनियन स्थापन झाली. ती ठरलेल्या भावाने चीज विकत घेई. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी गिऱ्हाईक आटलं, माल पडून राहू लागला. तेव्हा १९३० च्या दशकात युनियनने जाहिराती करकरून फाँड्यूला राष्ट्रीय पक्वान्न केलं. एका पातेल्याभोवती सगळा देश बसला आणि पडून राहिलेला माल खपला. ही युनियन १९९९ पर्यंत चालली.

ठरलेल्या भावाची कल्पना आम्हालाही सुचली होती. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकार घेणार, खुद्द व्यापाऱ्याला मज्जाव. सुमारे तीस वर्षं ही योजना रडतखडत चालली आणि संपली. कारणं पुष्कळ सांगतात. माझ्या मते एक कारण साधं आहे: कापूस पातेल्यात वितळत नाही. जाहिरात करकरून काय साधलं असतं? फार तर माणशी एक गादी जास्त भरली असती.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. जानेवारीत कापूस विकून आलेला माणूस समोर उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावरूनच हप्ता येणार की नाही ते कळतं. आगगाडी आली त्या काळात खामगावला भाव तारेने येत असे, लिव्हरपूलहून. आता तो मोबाइलवर येतो. कुठून येतो, हे विचारायची सोय तेव्हाही नव्हती.

गंमत म्हणजे, कापसातून निघालेल्या सरकीची पेंड म्हशीला जाते, म्हशीचं दूध डेअरीत, आणि दुधाचं चीज होऊन आमच्या पातेल्यात. एवढा प्रवास करून कापूस अखेर वितळतो खरा. वडीवर किंमत छापलेली असते, आणि वाणी त्यातला एक रुपया सोडत नाही. कापसाच्या गाडीवर तशी किंमत छापून बाजारात नेता आली असती, तर माझ्या टेबलासमोर जानेवारीत एवढी शांतता नसती.