मलकापूरची कपाशी, शेंदरी बोंडअळी आणि रिकामा उन्हाळा

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. त्या मार्गावर खानदेश ओलांडून वऱ्हाडात शिरताना मलकापूर लागते. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले होते. ही कथा सहसा रेल्वे, गाठी आणि दलालांची म्हणून सांगितली जाते. तिच्यातील एक पात्र मात्र बोंडाच्या आत दडलेले असते.

ते पात्र म्हणजे शेंदरी बोंडअळी. भारतातील कपाशीवरच सापडलेल्या या किडीचे शास्त्रीय वर्णन १८४३ साली सॉन्डर्स याने केले. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते. शेंदरी अळीचा संसार जवळजवळ केवळ कपाशीवर. ती फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, डोमकळी होते. बोंडात शिरली की सरकी खाते, आणि हंगाम सरला की दोन सरक्या जोडून त्यांत झोपी जाते.

एकाच झाडावर विसंबणाऱ्या जिवाची कोंडी त्या झाडाच्या अभावाने होते. जुनी गावरान कपाशी थोड्या मुदतीची. मृगाच्या पावसावर पेरायची, थंडी सरता सरता वेचणी आटोपायची. उरलेली बोंडे शेळ्यामेंढ्या खात, पऱ्हाटी चुलीत जाई, सरकी म्हशीपुढे. उन्हाळ्यात पतंग बाहेर पडे तेव्हा अंडी घालायला फूलच नसे. ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती. तिचे गोडवे गाण्याचेही कारण नाही: त्या कपाशीचा धागा आखूड होता, उतारा बेताचा.

१९७० साली सुरतेहून ‘संकरित-४’ वाण आले, २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी. पीक लांबले. पाणी असलेल्या शेतात फरदड उन्हाळ्यापर्यंत उभी राहू लागली आणि अळीचा उपास संपला.

बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळे. तिच्यावर वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती विरळ राहील, असा हिशेब होता. थोडक्यात, काही अळ्या मुद्दाम जगवायच्या! हे शेतकऱ्याला नीट समजावले कोणी? बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. काही ठिकाणी आश्रयपीक म्हणून तूर लावली. ती शेंदरी अळीच्या काहीच कामाची नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोनात बिगर-बीटी पट्टे नेटाने राखले गेले. पुढे वंध्य पतंगही सोडले, आणि २०१८ साली त्या देशाने आपली कपाशी या किडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, विदर्भातील बोंडे आतून पोखरलेली निघाली.

आज कृषी विभाग जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे लावायला सांगतो. त्याच्या बाकीच्या सूचना अशा: हंगामपूर्व लागवड नको, डिसेंबरनंतर फरदड नको, वेचणी संपताच शेतात शेळ्यामेंढ्या सोडा, पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नका.