शब्दवेध : मेका आणि रोबो

नांदेड-लातूर मार्गावरील लोह्यात राहून ज्या तरुणाला विज्ञानकथेचा आणि जपानी ॲनिमेचा छंद जडला असेल, त्याच्या नित्य बोलण्यातील ‘मेका’ आणि ‘रोबो’ या दोन शब्दांची कुळकथा पाहण्याजोगी आहे. इंग्रजी ‘मेकॅनिकल’चे जपानी मुखात झालेले संक्षिप्त रूप ‘मेका’ जपानात यंत्रमात्रास लागू पडते; परदेशी रसिकांनी मात्र ते महाकाय यंत्रमानवांपुरते राखून ठेवले. १९७९ सालच्या ‘मोबाइल सूट गंडम’ या ॲनिमे मालिकेतील १८ मीटर उंचीचे यंत्र १:१४४ प्रमाणातील जुळणीच्या प्रतिकृतीत साडेबारा सेंटिमीटरांचे होऊन फडताळात उभे राहते, आणि प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापून, कडा घासून, गोंदावाचून सांधे जुळविताना संग्राहकाला जी यंत्ररचना उमगते, तीच या छंदाची विद्या होय.

‘रोबो’चे मूळ अधिक गंभीर आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात, बंधू योसेफ यांच्या सूचनेवरून, ‘रोबोता’पासून तो घडविला, आणि रोबोता म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे श्रम. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेली आपली ‘वेठ’ आणि फारसीतून आलेली ‘बिगार’ हीच. लोह्याकडच्या निजामी अमलातील रयतेला तिचा अर्थ कोशात शोधावा लागला नाही. पुढे संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने तिला मनाई केली. म्हणून श्रम कोणाचे आणि हुकूम कोणाचा, हा प्रश्न यंत्रमानवाच्या प्रत्येक कथेला विचारणे, हे रसिकाचे कर्तव्यच आहे.